डावा मडगार्ड माझ्या पोटावर घडला

मित्रांनो, या जगात जे जे गोल, डौलदार आणि देखणं आहे, त्या सगळ्याचा जन्म माझ्या पोटावर झालेला आहे. अर्थात पृथ्वी सोडून, कारण ती माझ्या आधीची निघाली. चंद्राबद्दलही मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. घुमट आणि घंटा दुसरीकडे कुठेतरी होत असाव्यात. उरले मडगार्ड. पण मडगार्डांच्या बाबतीत मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. तशी मला पावलंच नाहीत.

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे.

तुमचा चेहरा पडला, हे मला कळलं. तुम्हाला वाटलं असेल, एखादी तलवार बोलते आहे किंवा गेला बाजार एखादं घड्याळ तरी. पण जरा थांबा. पत्र्याच्या कामात माझं स्थान काय आहे ते ऐकलंत, तर तुम्ही उठून उभे राहाल. बसून ऐकलंत तरी चालेल.

माझा जन्म एका चामड्याच्या दुकानात झाला. जाड चामड्याचे दोन गोल तुकडे एकमेकांवर ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. एक छोटं तोंड उघडं ठेवलं आणि त्यातून चाळलेली बारीक वाळू ठासून भरली. पोट भरलं तसं तोंड शिवून टाकलं. त्यामुळे जन्मभर मला खायला मागता आलं नाही आणि तक्रारही करता आली नाही. मिस्त्रींनी मला विकत आणलं तेव्हा ते घरी म्हणाले, "या घरात सगळ्यांत समजूतदार हीच." त्या दिवशी त्यांच्या बायकोने त्यांना दुपारचा चहा दिला नाही.

मिस्त्री म्हणजे माझे मालक. जुन्या गाड्यांचे पत्रे हाताने घडवून देणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागेच त्यांची शेड. वर सिमेंटचे पत्रे, एका बाजूला वेल्डिंगची नळकांडी, भिंतीवर आकारवार टांगलेले हातोडे, आणि मध्ये लाकडाच्या जाड ओंडक्यावर मी. माझं काम असं. सरळ पत्रा माझ्या पोटावर ठेवायचा आणि त्यावर लाकडी हातोड्याने मारायचं. मी थोडी दबते, पत्रा थोडा खोल जातो. पुन्हा मारायचं, पुन्हा दबायचं. ऐरणीचं तसं नाही. तिच्यावर काही ठेवून मारलं की ती ठणकन उलट उत्तर देते आणि पत्रा चपटाच राहतो. पत्रा जात्याच सरळ स्वभावाचा असतो. त्याला वळण लावायचं तर खाली कोणीतरी नमतं घेणारं लागतं. ते खातं माझ्याकडे आहे.

आणि मार खाता खाता मला एक विद्या आली. कोण मारतो आहे ते मी न बघता सांगू शकते. बघायला मला डोळे नाहीत, म्हणून तर ही विद्या आली. मिस्त्रींचा घाव म्हणजे दमदार, एका लयीत पडणारा. पाहुण्याने गंमत म्हणून मारलेला घाव म्हणजे कुत्र्याला हाकलल्यासारखा. मिस्त्रींच्या मुलाचा घाव मी एकदाच खाल्ला आहे. तो संगणकावर बसून काम करतो. पत्र्याला हात लावला की त्याला शिंका येतात.

त्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आल्या. त्या शिंप्याची मुलगी. पहिल्याच आठवड्यात त्या शेडमध्ये आल्या त्या आवाज कमी करा म्हणून सांगायला. मिस्त्री तेव्हा एका जुन्या मोटारीच्या दाराशी झगडत होते. पत्र्याला सुरकुत्या पडत होत्या आणि मिस्त्रींच्या कपाळालाही. सूनबाई जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, खांद्याला बाही जोडताना असंच होतं. एकदम ओढायचं नसतं. कडेने थोडं थोडं मुरवत यायचं."

"हे कापड नाही, सूनबाई."

"कापड नाही ते दिसतंय. पण हट्टीपणा तोच आहे."

मिस्त्रींनी हातोडा त्यांच्या हातात दिला. चेष्टेनेच दिला. पण त्या दिवशी माझ्या पोटावर जो पहिला घाव पडला, तो मला अजून आठवतो. हलका होता, पण नेमक्या जागी पडला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्याच्या शेजारी. टाके घालावेत तसे. आवाज कमी करायला आलेली बाई संध्याकाळपर्यंत ठोकत राहिली, आणि शेवटी सासूबाईंना येऊन सांगावं लागलं, "आवाज कमी करा."

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. सासरे-सून मिळून कामं करत. एकदा माझी शिवण उसवली आणि वाळू जमिनीवर सांडली, तेव्हा सूनबाईंनीच मला परत शिवलं. माझ्या उजव्या अंगाला तो दुहेरी टाका आहे. असा टाका या धंद्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पिशवीला नसेल. मी दाखवते म्हणून नाही, पण बघण्यासारखा आहे.

मात्र एक गोष्ट बदलली नाही. गिऱ्हाईक आलं की सूनबाईंनी हातोडा खाली ठेवायचा आणि झाडू हातात घ्यायचा. हा नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नव्हतं. गाडी मिस्त्रींच्या हातची म्हणून घेतली जायची आणि तशीच नावाजली जायची. सूनबाईंना तेवढी वर्षं झाडलोटीबद्दल बरीच शाबासकी मिळाली.

मग मिस्त्रींचं मनगट दुखायला लागलं. आधी थंडीत, मग उन्हातही. चहाची बशी हातातून सुटायला लागली. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "आता शेड बंद करू." शेडसाठी गिऱ्हाईकही आलं. शेजारच्या रस्त्यावरचे गादीवाले. त्यांना गाद्या ठेवायला कोरडी जागा हवी होती. ते टेप घेऊन आले, लांबी मोजली, रुंदी मोजली, माझ्याकडे बघून म्हणाले, "ही उशी कशाची आहे?" आणि माझ्यावर बसले.

मित्रांनो, मी मार पुष्कळ खाल्ला आहे, पण अपमान असा तो पहिलाच.

त्या संध्याकाळी सूनबाई मिस्त्रींना म्हणाल्या, "बाबा, शेड मला चालवायची आहे."

मिस्त्री म्हणाले, "तू चालवशील गं. काम येतं तुला. पण लोक तुझ्याकडे गाडी सोडून जातील का? जुन्या गाडीचा माणूस आपलं पोर शाळेत घालताना इतका विचार करत नाही. तुझ्या नावावर एक जरी मोठी गाडी इथून बाहेर पडली, तरी मी गादीवाल्यांना नाही सांगतो."

"आणि नाही पडली तर?"

"तर गाद्या."

आता सगळं त्या एका गाडीवर आलं. आणि ती गाडी दारात येऊन उभी राहिली ती दोरीने ओढली जात. एक जुना ट्रक. भल्या मोठ्या नाकाचा, गोल खांद्यांचा. पूर्वी असे ट्रक रस्त्याने यायला लागले की माणसं बाजूला व्हायची, भीतीने नाही, मानाने. याचं रूप मात्र पार गेलं होतं. बॉनेटला भोकं, दारं लोंबकळलेली, आणि पुढचा डावा मडगार्ड तर गंजून इतका संपला होता की तो होता असं ऐकूनच मानायचं.

ट्रक तात्यांचा. तात्यांनी जन्मभर तो चालवून विटा वाहिल्या आणि त्या विटांच्या जिवावर मुलाला दातांचा डॉक्टर केलं. ट्रक घेऊन आले ते हे डॉक्टर. वडिलांचा ट्रक पहिल्यासारखा करायचा आणि वडिलांना शेजारी बसवून गावभर हिंडायचं, असं त्यांच्या मनात होतं. डॉक्टर मोठे गोड माणूस, पण पेशा अंगात मुरलेला. दार आणि कॅबिनच्या मध्ये बोट घालून त्यांनी आधी फट तपासली. मग खिशातून छोटा टॉर्च काढून आत बघितलं. मिस्त्रींना वाटलं, आता चूळ भरायला सांगतात.

"सगळे पत्रे नवे करा," डॉक्टर म्हणाले. "एकच अट आहे, आणि ती माझी नाही, तात्यांची. डावा मडगार्ड मिस्त्रींच्याच हातचा पाहिजे. मागे तो तुम्हीच करून दिला होता ना? तात्या म्हणाले, मिस्त्रींकडेच दे. दुसऱ्या कोणाचं नावच काढू दिलं नाही."

मिस्त्रींची छाती फुगली. सूनबाईंच्या हातातला झाडू थांबला.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता काय करणार? तुमच्या मनगटाने पोळी तरी लाटता येते का?"

"पोळी मी कधी लाटली?" मिस्त्री म्हणाले.

"तेच विचारतेय."

शेवटी असं ठरलं की काम सूनबाईंनी करायचं आणि मिस्त्रींनी जवळ उभं राहून सांगायचं. सांगण्यात मिस्त्रींचा हात कोणी धरला नसता. ते म्हणाले, "उजवा मडगार्ड शाबूत आहे. त्याच्यावरून कागदाचा साचा काढ, साचा उलटा कर, झाला डावा." सूनबाई म्हणाल्या, "एकदा डाव्या बाजूलाही कागद लावून बघू का?" मिस्त्री म्हणाले, "सूनबाई, उजव्या हाताचा पंजा आरशात डावा दिसतो की नाही?" सासऱ्यांच्या पंजावर सुनेने काय बोलायचं? त्यांनी साचा उलटा केला.

मग काम सुरू झालं. सूनबाईंनी साच्यावरून पत्रा कापला, माझ्या पोटावर आणला आणि मधूनमधून नाही तर सबंध दिवस ठोकला. पत्रा खोल होत गेला, त्याच्या कडा फुलासारख्या चुरमडल्या, मग त्या एकेक करून मुरवल्या. त्यानंतर लोखंडी चाकांच्या मधून तो मागेपुढे फिरवून गुळगुळीत केला. शेवटी सगळ्या कडेने आत एक तार घालून तिच्यावर पत्रा दुमडला, म्हणजे कड मजबूत होते आणि कोणाचा हात कापत नाही. असा मडगार्ड मी आजवर जन्माला घातला नव्हता. अभिमानाने माझी वाळू जरा वर आली होती.

दोघांनी तो उचलून ट्रकला लावला. पुढून बसला, मागून बसला, आणि कॅबिनपाशी आल्यावर तीन बोटं जातील एवढी फट राहिली.

मिस्त्रींनी मडगार्ड ढकलला. मग ट्रक ढकलायचा प्रयत्न केला. मग ते लांब जाऊन उभे राहिले आणि डोकं वाकडं करून बघायला लागले. अशा वेळी डोकं वाकडं केल्याने फट कमी होते, असा या धंद्यातल्या सगळ्यांचा समज आहे.

सूनबाईंनी टेप काढून दोन्ही बाजू मोजल्या. ट्रकची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नव्हतीच. या गाड्यांचे सांगाडे तेव्हा हातानेच व्हायचे. डावी बाजू एका कारागिराने केली, उजवी दुसऱ्याने, आणि दोघांचं आपसात बोलणं नसावं. मागच्या खेपेला मिस्त्रींनी डावा मडगार्ड गाडीवर बसवून बसवून केला होता, आणि कसा बसला ते साफ विसरले होते.

"बाबा, आरसा खोटं बोलला," सूनबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी भिंतीवरचा हातोडा काढला, एक कोरा तुकडा माझ्यावर ठेवला आणि म्हणाले, "सरक. हा मीच करतो." पहिला घाव पडला. मला ओळखू आला नाही. त्यात दम नव्हता, नेम नव्हता. दुसरा घाव पत्र्यावर पडलाच नाही. हातोडा सुटून ओंडक्यावरून घरंगळत गेला. मिस्त्री मनगट धरून उभे राहिले. सूनबाईंनी हातोडा उचलला आणि पुसून भिंतीवर परत टांगला.

दुसरा मडगार्ड सूनबाईंनी आपल्या पद्धतीने केला. साचाच काढला नाही. ट्रकच्या डाव्या अंगावर तारांचा सांगाडा बांधला, अंगावर कापड बेतावं तसा. थोडं ठोकायचं, उचलून गाडीला लावून बघायचं, खूण करायची, पुन्हा माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या वेळा नवरीलासुद्धा साडी लावून बघत नाहीत." काम चालू असताना मधूनच डॉक्टर यायचे. त्यांच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला की सूनबाई झाडू घ्यायच्या आणि मिस्त्री माझ्यावर नुसताच हातोडा आपटायला लागायचे. खाली पत्राही नसायचा. डॉक्टर दारातूनच म्हणायचे, "वा, आवाजावरूनच कळतं, जुना हात आहे." मिस्त्रींना ते ऐकून आधी बरं वाटायचं. मग बरं वाटेनासं झालं.

एकदा डॉक्टर गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्यांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मग गाद्या."

मडगार्ड तयार झाला. यावेळी कॅबिनपाशी फट नव्हती, कागद सरकला असता एवढीही नाही. डॉक्टर तात्यांना घेऊन आले. तात्या फारच म्हातारे झाले होते. काठी टेकत आले, मडगार्डसमोर उभे राहिले आणि पुष्कळ वेळ उभेच राहिले. डॉक्टरांनी टॉर्च लावून सगळ्या फटी तपासल्या आणि मान डोलावली. पण तात्या फटी बघत नव्हते. त्यांनी बोटाच्या पेराने मडगार्डवर टकटक केलं. कान जवळ नेला. मग मूठ वळून वरून चांगली थाप मारली आणि पुन्हा कान दिला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हा तुझा हात नाही."

आणि त्यांना खोकला आला.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाचा खोकला किती लांब असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर मिस्त्रींकडे बघत होते. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थबकल्या होत्या. सूनबाईंनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि हात पदराला पुसले. मिस्त्रींनी 'माझाच आहे, वय झालं आता' असं म्हटलं असतं, तर ते खपलं असतं. गादीवाले दुसऱ्या दिवशी गाद्या घेऊन यायला तयार होते.

मिस्त्री म्हणाले, "नाही तात्या. सूनबाईंचा आहे. सगळा. एक घावही माझा नाही. तुम्हाला पसंत नसेल तर मला बोला, तिला बोलू नका."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो मिस्त्री, तात्यांनी एवढं बजावून सांगितलं होतं की तुमच्याच..."

"तू गप्प बस रे," तात्या खोकला आवरून म्हणाले. "मी बजावलं होतं, कारण मला एकदा बघायचं होतं, या खेपेला तरी याची तार बसते का ते." मग मिस्त्रींकडे वळले. "तुझ्या मडगार्डाच्या कडेत तार असायची ना, ती पायजम्यातल्या नाडीसारखी आत फिरायची. गाडी जरा पळायला लागली की खर्रर्र सुरू. विटा मी त्या तालावर वाहिल्या. माझे कान किटले ते इंजिनाने नाही, तुझ्या मडगार्डाने."

मिस्त्रींनी वाकून मडगार्डच्या कडेवरून बोट फिरवलं. "तात्या, इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"बोललो असतो, तर तू तो काढून पुन्हा घडवला असतास आणि माझी खेप बुडाली असती. आणि पुन्हा घडवलेलाही वाजलाच असता."

सासूबाई ट्रे ठेवत म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघराची कडीही अशीच वाजते. तीही यांनीच बसवलीय."

तात्यांनी मडगार्डवर आणखी एक थाप मारली, फक्त आनंदासाठी. मग सूनबाईंना विचारलं, "पोरी, ही तार गप्प कशी बसवलीस?"

"नेफा घट्ट शिवला, तात्या," सूनबाई म्हणाल्या. "माझे वडील म्हणायचे, नाडी ओढायची ती माणसाने, चालताना आपोआप सरकायला नको."

तात्या डॉक्टरांना म्हणाले, "बॉनेट, दारं, जे काय असेल ते सगळं यांच्याकडेच. आणि तो टॉर्च बंद कर. सेल जातात."

त्या ट्रकचे सगळे पत्रे सूनबाईंनी केले, आणि हॉर्न ऐकून पुन्हा कधी झाडू घेतला नाही. झाडू आता मिस्त्री घेतात. हौसेने घेतात आणि कोपरे सोडतात. ट्रक शेडमधून बाहेर पडला त्या दिवशी तात्या पुढे बसले होते, रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती, आणि एवढा मोठा ट्रक काही न वाजता गेला. मिस्त्री तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत कान देऊन उभे होते. मग म्हणाले, "जरा तरी वाजायला हवा होता." पण गादीवाले आले तेव्हा त्यांना दारातूनच सांगितलं, "जागा रिकामी नाही. इथे माझी सून काम करते." हे सांगताना त्यांची छाती जेवढी फुगली होती, तेवढी मी कुठल्याही पत्र्याची फुगवलेली नाही.

सगळ्यांनी मडगार्ड नावाजला, सूनबाईंना नावाजलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. मी रागावले नाही. खालून आधार देणाऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, आणि मला उठून सांगता येत नाही. पण मित्रांनो, पुढे कधी एखादी गोल, डौलदार, देखणी वस्तू दिसली, तर तिला शाबासकी देताना क्षणभर हा विचार करा की हिला वळण लागत होतं तेव्हा खाली मुकाट्याने मार कोण खात होतं. वस्तूंना जपा. माणसांना जपा. जो नमतो त्याला दुबळा समजू नका. जगाला आकार येतो तो अशा नमणाऱ्यांच्या जिवावर.

आणि कधी त्या बाजूला गेलात, तर सूनबाईंना माझा एक निरोप द्या. शेड त्यांची झाली तेव्हा त्यांनी मला खिडकीजवळच्या नव्या टेबलावर हलवलं. जागा छान आहे, उजेड भरपूर आहे. फक्त मला ठेवताना खाली एक नट राहून गेला आहे. तेवढा काढा म्हणावं. फार टोचतो.